बावखलातली कवायत

वसईत सिस्टरांच्या इस्पितळात मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात माझ्याकडे पहिली विचारणा आली ती एका बैलासाठी. बैल मागच्या पायानं लंगडत होता आणि त्याच्या मालकाला कुणीतरी सांगितलं होतं की इस्पितळात मुंबईहून मालिशवाली बाई आली आहे, तिच्या हाताला गुण आहे. मी म्हटलं, अहो, मी माणसांची आहे. तो म्हणाला, माझा बैल माणसापेक्षा शहाणा आहे, लाथ मारत नाही. मी त्याला हाकलून दिलं. पुढे निवृत्त होईपर्यंत माणसांच्या इतक्या लाथा खाल्ल्या की त्या बैलाला नाही म्हटल्याचा अधूनमधून पस्तावा होतो.

मालिशवाली हे नाव मात्र कायमचं चिकटलं. समजावून सांगता सांगता माझी जीभ झिजली. आजही लोकांना समजलंय अशातला भाग नाही, म्हणून या निमित्तानं पुन्हा सांगते. डॉक्टर औषध देतात, सर्जन कापतात आणि आम्ही फिजिओथेरपीवाले माणसाला हलवतो. जो अवयव हलत नाही तो हलवायचा, जो नको तितका हलतो त्याला आवरायचं, आणि मुख्य म्हणजे पेशंटला जे करायचं नसतं ते त्याच्याकडून करून घ्यायचं. गोड बोलून जमलं तर गोड बोलून, नाहीतर खेकसून. मी गोड बोलण्यात पहिल्यापासून कच्ची.

आणि करून घेतलं तरी माणसं आपली अक्कल चालवल्याशिवाय राहत नाहीत. वालीवच्या एका कारखान्यातले फोरमन खांदा धरला म्हणून आले होते. त्यांना मी कप्पीवरून दोरी घेऊन दोन्ही हातांनी आळीपाळीनं ओढायचा व्यायाम दिला. रिकामी दोरी ओढणं त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांनी व्यायाम विहिरीवर नेला, दोरीच्या टोकाला बादली बांधली आणि अख्ख्या चाळीचं पाणी भरायला सुरुवात केली. खांदा सुटला. चाळीतल्या बायका मला दुवा देत होत्या. मग फोरमनसाहेबांची कंबर धरली, आणि ते लवकर बरे व्हावेत म्हणून त्याच बायका माझ्याकडे चौकशीला येऊ लागल्या.

पण माझ्या नोकरीतली खरी लढाई झाली ती फिलू टीचरच्या घरी. आणि तीसुद्धा फिलू टीचरशी नाही, तिच्या थोरल्या बहिणीशी. ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील.

फिलू टीचर म्हणजे फिलोमिना. पस्तिशीची, गावच्या शाळेत गणित शिकवणारी. नवरा जहाजावर, वर्षातून एकदा घरी येणारा. त्यामुळे ती राहायची माहेरीच, केळीच्या वाडीतल्या घरात, थोरल्या बहिणीजवळ. ही थोरली बहीण कोंसूबाय. तिनं लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली, बाप वाडीतच गेला, केळीचा लोंगर खांद्यावर घेऊन येताना छातीत कळ आली आणि तिथल्या तिथे संपला. तेव्हापासून वाडी आणि धाकटी बहीण या दोन गोष्टी कोंसूबायनं सांभाळल्या होत्या. लाल लुगडं, कंबरेला पदर खोचलेला, आवाज शेजारच्या वाडीत ऐकू जाणारा. त्यांची घरची बोली मला आयुष्यभर ऐकून कळते, पण लिहिता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं माझ्या मराठीत सांगते. मूळचं जास्त झणझणीत होतं एवढं लक्षात ठेवा.

टीचरला झालं होतं मल्टिपल स्क्लेरोसिस. नाव मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी दिलं होतं. गावानं त्याला आपलं सुटसुटीत नाव ठेवलं, येतंय-जातंय दुखणं, आणि खरं सांगायचं तर ते नाव जास्त बरोबर होतं. मेंदूकडून हातापायांकडे ज्या नसा जातात त्या विजेच्या वायरीसारख्या असतात. या दुखण्यात वायरीवरचं वेष्टण जागोजागी खरवडलं जातं. मग निरोप निघतो पण पोचत नाही, पोचला तर उशिरा पोचतो. आज नजर धूसर, उद्या ठीक. आज पाय चालतात, उद्या त्यांना आपण कुणाचे तेच आठवत नाही. आणि थकवा असा की हातातली पेन्सिल पाटा-वरवंट्याइतकी जड वाटावी. बरं करणारं औषध तेव्हा नव्हतं. विश्रांती घ्या, दमू नका, असंच त्या काळी सगळीकडे सांगत.

विश्रांती हा शब्द कोंसूबायच्या हाती पडला आणि टीचरचं काही खरं राहिलं नाही.

मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा खोलीच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कोपऱ्यात शेगडी पेटलेली. टीचर पलंगावर घोंगडीत गुंडाळलेली, नुसतं तोंड बाहेर. कोंसूबायचं निदान झालेलं होतं, हा वात आहे. म्हणून सकाळी लसणीचं तेल कढवून पायांना, दुपारी गरम वाळूच्या पुरचुंड्या, संध्याकाळी विटा तापवून फडक्यात गुंडाळून तळव्यांखाली. शेक झाला की टीचरचे पाय पार लुळे पडायचे आणि नजर जायची. ते बघून कोंसूबाय घाबरायची आणि विस्तव वाढवायची. विस्तव वाढला की टीचर आणखी बिघडायची. मग फादरना बोलावणं जायचं, आजाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावायला. असं कितीतरी वेळा झालं होतं. टीचर मला म्हणाली, माझ्या कपाळाला लागलेल्या तेलात एव्हाना एक पापलेट तळून निघालं असतं. कोंसूबायनं छातीवर क्रूस केला आणि बहिणीच्या वतीनं देवाची माफी मागितली.

त्यात गावाची एक रीत. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही. टीचरनं अर्ध्या गावाला पाढे शिकवलेले, त्यामुळे अर्धं गाव येत होतं. कुणी अंडी आणी, कुणी गावठी कोंबडी, कुणी सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, साखरेला लाजवणारी. रविवारी डुकराचं मटण, त्यावर घरची गोड वाईन, रक्त वाढायला. सुकी मासळी तर बारा महिने. टीचर पलंगावर बसून हे सगळं खात होती, कारण न खाल्लं तर कोंसूबाय रडायची. दीड वर्षात टीचर फुगली होती. रक्तदाब वर, पलंगापासून खिडकीपर्यंत चालवलं तर नाडी अशी पळायची की जणू ती अर्नाळ्यापर्यंत धावून आली आहे.

मी आमच्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना घरी घेऊन गेले. त्यांनी तपासलं आणि अंगणात येऊन कोंसूबायला सांगितलं, "तुमच्या बहिणीला हे दुखणं नेणार नाही. हे अंथरूण नेईल. हृदय म्हणजेसुद्धा स्नायूच आहे, पोटरीसारखा. त्याला काम दिलं नाही तर ते काम विसरतं."

कोंसूबायनं त्यातला एकच शब्द ऐकला, हृदय. बाप डोळ्यांदेखत गेला होता. तिच्या लेखी हृदय म्हणजे कपाटातली काचेची बशी, वापरायची नाही, नुसती जपायची. ती म्हणाली, आता तर हिला मी पाणीसुद्धा उठून पिऊ देणार नाही.

बरंच भांडण झालं. मी खेकसले, ती माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत खेकसली. शेवटी आतून टीचरचा आवाज आला. वर्गात असतो तसा. शाळेनं तिची जागा जूनपर्यंत राखून ठेवली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं होतं की डॉक्टर धडधाकट आहे म्हणाले तर ये, नाहीतर आमचा नाइलाज आहे. डॉक्टर म्हणाले होते, पाय कसेही असोत, काठी घेऊन शिकवता येतं, पण हृदय असं असताना मी हो म्हणणार नाही. टीचर म्हणाली, "कोंसूबाय, मला मेपर्यंत या बाईंच्या हाती दे. मेमध्ये मशीन लावून बघू. हृदय बिघडलेलं दिसलं तर मी शाळा सोडते आणि मरेपर्यंत तू म्हणशील तशी झोपून राहते."

ख्रिसमस नुकताच झाला होता. कोंसूबाय कबूल झाली. तिला खात्री होती की जिंकणार तीच.

आता पेच असा की व्यायाम द्यायचा कसा. ओसरीवर चालवायला घेतलं, थोडं ऊन चढलं की टीचरचे पाय गेलेच. अंग तापलं की त्या खरवडलेल्या वायरी आणखी बिथरतात. घामाशिवाय व्यायाम कुठून आणायचा? उत्तर टीचरनंच दिलं. म्हणाली, आजारी पडले त्या सुरुवातीच्या दिवसांत मी बावखलावर कपडे धुवायला गेले की पाय माझं ऐकायचे, घरी आले की नाही. तेव्हा वाटलं, घरात कोंसूबाय आहे म्हणून घाबरतात.

बावखल म्हणजे आमच्या वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. कडेनं केळी, माड, वर सावली, त्यामुळे भर चैत्रातही पाणी गार. त्यावरच वाड्या शिंपल्या जायच्या. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, सकाळी लवकर, उथळ पाण्यात, दमायच्या आधी थांबायचं, नाडी बघत राहायचं, आणि बुडवू नका. शेवटचं त्यांनी जरा जास्त गंभीरपणे सांगितलं असं मला वाटलं.

उतरायला पायऱ्या हव्या होत्या. वाडीत बाळूदादा काम करायचा, खाडीकडच्या गावचा, तारुण्य मिठागरात काढलेला म्हातारा. त्यानं माडाच्या खोडाच्या पायऱ्या केल्या, दोन्ही बाजूंनी बांबूचा कठडा केला आणि तळाला रेती अंथरली. कोंसूबाय काठावर उभी राहून पुन्हा पुन्हा खोली विचारत होती. बाळूदादा शेवटी वैतागून म्हणाला, "बाय, पानी कमरेला हाय. बुडाचं म्हनलं तरी वाकाय लागल."

धरायला केळीचे खांब होतेच. वाडीतली सगळी पोरं केळीचा खांब काखेत धरूनच पोहायला शिकतात. तो बुडत नाही, टोचत नाही, आणि खराब झाला तर गुरांना घालता येतो. मुंबईच्या कॉलेजात आम्हाला पाण्यातल्या व्यायामाची परदेशी साधनं चित्रात दाखवली होती. केळीचा खांब त्यांच्यापेक्षा कुठेही कमी नव्हता.

प्रश्न उरला कपड्यांचा. टीचरनं पाण्यात घालायचं काय? कोंसूबायनं स्वतः झगा शिवला, मानेपासून घोट्यापर्यंत, गादीच्या अभ्र्याच्या जाड पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा. अब्रूला धक्का लागू नये म्हणून कापड सढळ हातानं घातलं होतं. पहिल्या दिवशी टीचर पाण्यात उतरली आणि झग्यात हवा भरली. झगा चहूबाजूंनी वर आला, मध्ये टीचरचं डोकं. तिचे पाय तळाला टेकेनात. बाळूदादा पलीकडून बांबू घेऊन झगा खाली दाबायला लागला आणि कोंसूबाय काठावरून ओरडायला लागली की तो तिच्या बहिणीला बुडवतोय. आणि या सगळ्यात टीचर हसत होती. दीड वर्षात ती हसलेली कुणी पाहिली नव्हती. मीही खाली बसून हसले, हे मला माझ्या धंद्यात शोभत नाही. दुसऱ्या दिवशी झग्याच्या घेराला आम्ही शिसाचे मणी शिवले, कोळी जाळ्याला लावतात ते.

आणखी एक अडचण होती, वेळेची. थोडा व्यायाम, मग थोडी विश्रांती, पुन्हा व्यायाम, असं चालायला हवं होतं. माझं घड्याळ पहिल्याच दिवशी पाण्यात गेलं. मग टीचरनं युक्ती काढली. काठावर कोंसूबाय रोझरीची जपमाळ घेऊन बसेल. दहा मणी होईपर्यंत पाय मारायचे, पुढचे दहा होईपर्यंत उभं राहायचं. प्रार्थनेचा वेग ठरलेला, लहानपणापासून तोंडात बसलेला, त्यात फरक पडायचा नाही. मला कल्पना फार आवडली. एक तर फुकट, आणि दुसरं म्हणजे कोंसूबायचं तोंड अडकून राहणार.

आठवडा झाला तरी टीचरची प्रगती दिसेना. दम लागत नव्हता, नाडी वाढत नव्हती, व्यायाम अंगाला लागतच नव्हता. मी विचारात पडले. मग एके दिवशी मी पाण्याकडे न बघता कोंसूबायकडे लक्ष दिलं. पाय मारायची पाळी आली की तिची नमो मरिया आगगाडीसारखी धडाडत जायची, दहा मणी चुटकीसरशी संपत. विश्रांतीची पाळी आली की तीच प्रार्थना अशी संथ, अशी भावपूर्ण, की एकेका शब्दावर ती मुक्कामाला थांबायची. मी म्हटलं, कोंसूबाय, देवालाही कळत असेल हो. ती म्हणाली, देवाला दया आहे, तुम्हाला नाही.

ती फादरकडे गेली. मोठ्या आशेनं. फादरनी हे पाण्यातलं थेर बंद करावं, रोझरीचा असा वापर शोभत नाही असं सांगावं, म्हणून. फादरनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, पाणी खरंच गार असतं का? त्यांचे गुडघे दुखत होते. कोंसूबाय परत आली ती तणतणत. त्या दिवसापासून मणी टीचर स्वतः मोजू लागली, मोठ्यानं, पाण्यातून, आणि कोंसूबायकडे काठावर बसून नुसतं काळजी करण्याचं काम उरलं. तेही तिनं मनापासून केलं.

हळूहळू फरक दिसायला लागला. आधी दम कमी झाला. मग रक्तदाब खाली आला. टीचरचे पाय काही नवे झाले नव्हते, काठी लागायचीच, कधी एखादा आठवडा वाईट जायचा आणि मी तिला पाण्यातही घालत नसे. पण घरातून बावखलापर्यंत ती चालत यायला लागली, वाटेत एका ठिकाणी बसून. आणि बावखलाच्या आसपास वर्दळ वाढली. एरवी कुणी फिरकत नसे, आता रोज सकाळी कुणाला तरी नेमकी तिथलीच केळीची पानं कापायची असायची. टीचरनं पाण्यातूनच त्यांना सतराचा पाढा विचारला. वर्दळ थांबली.

राहिलं खाणं. तेही मी आवरलं. दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, टीचरला मटण नको, सुकेळी नको, खारवलेलं तर अजिबात नको. लोक समजूतदार. त्यांनी मान डोलावली. पण आणलेलं परत न्यायचं कसं? आजाऱ्याच्या दारातून जेवण परत नेणं हा अपशकुन. मग ते म्हणायचे, टीचरला नको तर नको, कोंसूबाय, तू घे. आणि अन्न टाकणं हे कोंसूबायच्या रक्तात नव्हतं. टीचर पडवळाची भाजी आणि भाकरी खायची. कोंसूबाय शेजारी बसून तिच्या वाटचं मटण, अंडी, सुकेळी आणि सुकी मासळी संपवायची. मी हे रोज बघत होते. माझं सगळं लक्ष एकाच पेशंटच्या ताटावर. वाटलं, बरं झालं, एकीचं पथ्य आणि दुसरीची चैन.

मे महिना आला. ठरल्याप्रमाणे आम्ही टांग्यानं इस्पितळात गेलो. कोंसूबाय नव्या लुगड्यात होती आणि तिचा चेहरा न्यायाधीशासारखा होता. टीचरची पुढची सगळी वर्षं वर्गात की पलंगावर, हे त्या खोलीत ठरणार होतं.

ईसीजीचं मशीन तेव्हा आमच्याकडे नवीन होतं. हातापायांना पट्टे बांधायचे, छातीवर रबरी फुगे लावायचे, मग मशीन कागदाची लांब पट्टी ओकत बसायचं. डॉक्टरांनी पट्टी पाहिली, पुन्हा पाहिली. रक्तदाब घेतला. तिला खोलीत दोन फेऱ्या मारायला लावून नाडी बघितली. मग चष्मा काढून म्हणाले, "टीचर, जूनमध्ये शाळा कधी सुरू होते?"

टीचर रडायला लागली. मीही डोळे पुसले. कोंसूबाय मात्र उठून उभी राहिली. ती म्हणाली, हे शक्य नाही. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली पोर, तिचं हृदय चांगलं कसं असेल? तुमचं मशीनच बिघडलंय. डॉक्टर हसले. म्हणाले, मशीन ठीक आहे, कोंसूबाय. तर तिनं दंड पुढे केला.

"मग मला लावून दाखवा. मी ठणठणीत आहे, लोंगर उचलते. माझं काय दाखवतंय ते बघू, म्हणजे मशीन खरं की खोटं ते कळेल."

डॉक्टर गमत्या स्वभावाचे. म्हणाले, या. कोंसूबाय टेबलावर झोपली, लुगडं सावरत, विजयी मुद्रेनं. मशीन घरघरलं. पट्टी बाहेर यायला लागली. डॉक्टर पट्टी हातात घेऊन बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी रक्तदाब घेतला. मग दुसऱ्या दंडावर घेतला. त्यांनी विचारलं, लोंगर उचलताना छातीत जड होतं का? कोंसूबाय म्हणाली, ते होय, ते पपा गेल्यापासून होतं, दुःखाचं आहे ते. डॉक्टर म्हणाले, आजपासून लोंगर उचलायचा नाही.

घरी परतताना टांग्यात टीचरनं बहिणीचा हात आपल्या मांडीवर घेतला होता आणि कोंसूबाय, जिचा आवाज शेजारच्या वाडीत जायचा, ती एवढंएवढं तोंड करून बाहेर बघत होती. मला काय वाटलं ते सांगते. मला लाज नाही वाटली, राग आला. पाच महिने आम्ही सगळे एका हृदयावर पहारा देत होतो आणि दुसरं दारातच उभं होतं. एकाच बापाच्या दोघी लेकी, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढचं आताच सांगून टाकते. टीचर जूनमध्ये शाळेत गेली, सकाळचे वर्ग घेतले, खुर्चीत बसून. ते दुखणं काही तिला सोडून गेलं नाही. कितीतरी वर्षांनी पाय पूर्ण गेले आणि चाकाची खुर्ची आली. त्याचं वाईट मला आजही वाटतं, कारण मी तिला कधीच खोटी आशा दाखवली नव्हती, पण स्वतःला मात्र दाखवली होती. तरी हृदयानं तिला शेवटपर्यंत दगा दिला नाही. खुर्चीत बसूनही ती हात फिरवायची, केळीचे खांब नव्हते म्हणून पाण्याच्या बाटल्या घेऊन. आता अशा माणसांना डॉक्टर स्वतःहून व्यायाम करायला सांगतात. चांगली गोष्ट आहे. आम्हाला त्यासाठी केवढी भांडणं करावी लागली.

कोंसूबायला गोळ्या सुरू झाल्या. मीठ बंद, सुकी मासळी बंद, मटण बंद. गावाला मी पुन्हा दारात उभं राहून सांगितलं, आता हिलाही नको. लोकांचा चेहरा पडला. मग जेवण बाळूदादाकडे जायला लागलं, पण त्याचा रक्तदाब मी आधीच तपासून ठेवला होता. काही आठवडे गोळ्या घेऊन झाल्यावर डॉक्टरांनी कोंसूबायला परवानगी दिली, हळू चालायची आणि तिची इच्छा असेल तर पाण्यातल्या व्यायामाची.

इच्छा मुळीच नव्हती. जन्म त्या बावखलाच्या काठावर गेलेला, पण पाण्यात ती कधी उतरली नव्हती. तिला पाण्याची भीती होती हे तेव्हा कळलं. तरी एका सकाळी ती आली. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, डोळे गच्च मिटलेले, बाळूदादाच्या पायऱ्यांवरून एकेक पाय टेकत ती कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि केळीच्या खांबाला मिठी मारून उभी राहिली. समोर टीचर, एक हात बांबूवर. मी काठावर. पाय मार म्हणून सांगितलं तरी कोंसूबाय हलेना. मी खेकसणार तेवढ्यात टीचरनं मला हातानं थांबवलं.

कोंसूबाय डोळे न उघडता, हळू आवाजात बोलली. तिचा हळू आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

"फिले, त्या दिवशी मशीन लावलं नसतं आणि पपासारखी मी वाडीत पडले असते, तर तुझं कोण करणार होतं ग?"

एवढ्या महिन्यांत मी तिच्याशी हज्जार गोष्टींवरून भांडले. शेगडी, विटा, मटण, मणी. त्या सगळ्याच्या मागे ही एकच भीती होती, आणि ती तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती. टीचरचे डोळे भरून आले होते, पण तिचा आवाज वर्गातलाच होता.

"म्हणूनच सांगते, बाय. पाय हलव."

कोंसूबायनं पाय हलवला.